आक्षेप असेल त्याने उभं राहावं

पाळकाची दीक्षा द्यायच्या आधी लागोपाठ तीन रविवार मंडळीपुढे एक सूचना वाचतात. अमुक माणसाला दीक्षा द्यायचं ठरलं आहे, त्याच्याबद्दल कोणाला आक्षेप असेल तर त्याने तो सांगावा. मग दीक्षेच्या दिवशी भर उपासनेत बिशप तोच प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारतात आणि थोडं थांबतात. त्या थांबण्यात काही दम नसतो असं सगळे धरून चालतात. कोणी खोकून घेतं, कोणी पोराच्या नाकाला रुमाल लावतं, ऑर्गनवाला पुढच्या गीताचं पान शोधतो. त्या मंडळीत त्या प्रश्नाला आजवर कोणी उभं राहिलेलं नव्हतं.

लिफ्टवाल्याच्या बाबतीत मात्र पहिल्याच रविवारी गंमत झाली. गंमत म्हणायची आपली पद्धत, बाकी त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. सूचना वाचून झाली, लोक बाहेर पडले, आणि चौकातल्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने त्याला दाराशीच गाठलं.

"अजून दोन रविवार आहेत," चष्मेवाला खालच्या आवाजात म्हणाला. "सांगायचं ते सांगून टाका. नाहीतर मी उभा राहणार."

बायको दोन हातांवर उभी होती. चष्मेवाला गेल्यावर तिने विचारलं, "काय सांगायचंय त्यांना?"

"काही नाही."

"काही नाहीसाठी कोणी असं बोलत नाही," ती म्हणाली आणि घरी पोचेपर्यंत गप्प राहिली. तिचं गप्प राहणं हे बोलण्यापेक्षा महाग पडतं, हे तो लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकला होता.

लिफ्टवाला हे नाव त्याला सेमिनरीतल्या, म्हणजे पाळक घडवायच्या शाळेतल्या, पोरांनी ठेवलेलं. वर्गातले सगळे मिसरूड फुटलेले, आणि हा चाळिशी उलटलेला, बोटाला ग्रीसचे डाग घेऊन ग्रीक क्रियापदं घोकणारा. वीसेक वर्षं त्याने इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. "लोकांना वर पोचवायचा धंदा काही सुटत नाही तुमचा," असं मेहुणा भेटेल तेव्हा म्हणायचा आणि दर वेळी पहिल्यांदा सुचल्यासारखा हसायचा.

पण देवाचं बोलावणं आलं ते त्या धंद्यातूनच. लिफ्ट मध्येच अडकली की मेकॅनिकचं पहिलं काम पाना काढणं हे नसतं. आधी दाराला तोंड लावून आतल्या माणसाशी बोलायचं असतं. आतला घाबरलेला असतो. घाबरलेला माणूस दार उचकटायला जातो आणि जिवानिशी जातो. म्हणून बोलायचं. "मी आहे. कुठे जात नाही. तुम्ही बोलत राहा." मग आतून लोक काय काय बोलायचे! कोणी नवस, कोणी शिव्या, कोणी घरची भांडणं. बाहेर आले की तोंड चुकवून निघून जायचे. होता होता त्याच्या लक्षात आलं की दुरुस्तीपेक्षा आपल्याला हे जास्त जमतं, आणि एकदा हे लक्षात आल्यावर तो स्वस्थ बसेना.

बायकोने आधी अबोला धरला, मग भांडली, मग शिवणयंत्र आतल्या खोलीतून पुढच्या खोलीत ओढलं आणि दाराला शिवणकामाची पाटी लावली. "शिका," ती म्हणाली. "पण अर्ध्यावर सोडलंत तर या मशीनखाली तुमचा पाय घालीन." त्याने अर्ध्यावर सोडलं नाही. शाळेत जाणाऱ्या पोरीच्या शेजारी बसून अभ्यास केला, तिच्यापेक्षा कमी गुण मिळवले, आणि रडतखडत का होईना, शेवटच्या वर्षापर्यंत पोचला.

शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना दवाखान्यात धाडतात, आजाऱ्यांना भेटायचा सराव म्हणून. हा सराव करून घेणारे एक म्हातारे पाळक होते. पोरं त्यांना 'खुर्ची' म्हणत, कारण त्यांचा पहिला धडा खुर्चीचा. आजाऱ्याच्या उशाशी उभं राहायचं नाही. खुर्ची ओढायची आणि बसायचं, म्हणजे त्याला वाटतं याला घाई नाही. दुसरा धडा जास्त कडक होता. आजारी माणूस पापकबुलीच्या सुरात बोलायला लागला की लगेच हात वर करायचा. "थांबा. मी अजून पाळक नाही. पाळकांना बोलावतो." कबुली ऐकायचा अधिकार दीक्षेनंतरचा. त्याआधी ऐकणं म्हणजे परवाना नसताना गाडी चालवणं, आणि अपघात झाला की भरपाई दुसऱ्याने करायची.

लिफ्टवाल्याने हा धडा वहीत लिहून घेतला होता, खाली रेघही मारली होती.

छातीच्या वॉर्डात एक म्हातारा होता, जन्मभर ट्रक चालवलेला. श्वास पुरत नव्हता म्हणून उशांना टेकून अर्धवट बसवलेला. दिवसा त्याची बायको बसायची, संध्याकाळी दुकान बंद करून मुलगा यायचा. मुलगा म्हणजेच आपला चष्मेवाला. पन्नाशीचा, नीटनेटका, दुसऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय असलेला. म्हातारी आली-गेलीशी गोड बोलायची, पण मुलगा आला की तिची जीभ कात्री व्हायची. "पाणी ठेवलंस ते काठावर? सांडेल ना. तुझ्या हातून एक काम धड होईल तर शपथ." चष्मेवाला ग्लास आत सरकवायचा. लिफ्टवाल्याला वाटायचं, असतो एकेका आईचा स्वभाव.

एका दुपारी म्हातारी चहा प्यायला खाली गेली होती. लिफ्टवाल्याने खुर्ची ओढली. म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं.

"पाळकसाहेब, एक आहे माझ्याजवळ. आजवर कोणाला सांगितलं नाही."

इथे हात वर व्हायला हवा होता. पण समोरच्या माणसाचा श्वास घशात अडकला होता, नजर दाराला खिळली होती, आणि लिफ्टवाल्याच्या तोंडून वहीतला धडा न येता वीस वर्षांची सवय बाहेर पडली.

"मी आहे. कुठे जात नाही. तुम्ही बोलत राहा."

"बाहेर जाणार नाही ना हे?"

"नाही. माझ्यापाशीच राहील."

मग म्हातारा बोलला. तेव्हा ते गोदामाच्या आवारातच राहायचे. पोरगा नऊ वर्षांचा, त्याच्या पाठची मुलगी चार वर्षांची. ट्रक मागे घेताना पोरगा मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायचा. ती त्याची रोजची चाकरी आणि रोजचा मान. त्या दिवशी म्हाताऱ्याला विडी ओढायची तल्लफ आली. आगपेटी संपली होती. त्याने पोराला कोपऱ्यावर आगपेटी आणायला पिटाळलं आणि पाच मिनिटं दम धरवला नाही म्हणून ट्रक तसाच मागे घेतला. मागे मुलगी होती.

"लोक धावले. हिने येऊन विचारलं, पोर एकटी कशी? आणि माझ्या तोंडून गेलं, त्याला हात धरायला सांगितलं होतं, याने सोडला. एवढंच. एक वाक्य." म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "मग पोलिसांना तेच. नातेवाइकांना तेच. पोर लहान होतं, चार लोक म्हणतात म्हणून त्यालाही तेच खरं वाटायला लागलं. एकदाही उलट बोललं नाही हो. एकदाही नाही. हिने मात्र त्याला कधी जवळ घेतलं नाही."

काठावरचा ग्लास आणि म्हातारीची जीभ, सगळं लिफ्टवाल्याला आता उमगलं, आणि न उमगतं तर बरं असं वाटलं.

"हे तुम्ही मुलाला सांगा," तो म्हणाला. "आजच. मी बसतो जवळ."

"आज नको," म्हातारा म्हणाला. "उद्या. उद्या नक्की." आणि तो इतक्या शांत झोपला की नर्स दोनदा नाडी बघून गेली.

माणसाच्या 'उद्या'वर विश्वास ठेवू नये हे लिफ्टच्या मेकॅनिकला कोणी शिकवायला नको. पण त्याने ठेवला. पहाटे म्हाताऱ्याला झटका आला, अर्धं अंग गेलं आणि वाचा बसली.

लिफ्टवाला धावत खुर्ची सरांकडे गेला. काय ऐकलं ते सांगितलं नाही, काय केलं ते सांगितलं. सरांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"गाढवा," ते म्हणाले. "हात वर करायला काय झालं होतं?"

"चुकलं, सर."

"ऐक. तू पाळक नाहीस, म्हणून ती कबुली नव्हे. कबुलीचं बंधन तुझ्यावर नाही. पण तू शब्द दिलास. पाळक असतास तर नियमाने तुझं तोंड धरलं असतं, आता तुझं तुलाच धरायचं आहे. सोडवू शकतो तो एकटा. त्याला विचार."

मग तो रोज जाऊन विचारू लागला. म्हाताऱ्याचा डावा हात अजून हलत होता. लिफ्टवाला तो हातात घ्यायचा, कानाशी वाकायचा आणि म्हणायचा, "मी सांगू त्याला? हो असेल तर हात दाबा." म्हातारा त्याच्याकडे बघायचा. ओळख पटलेली असायची, ऐकू गेलेलं असायचं, यात शंका नाही. पण हात मेलेल्या माशासारखा पडून राहायचा. एकदा तर त्याने डोळे मिटून तोंड भिंतीकडे फिरवलं. लिफ्टवाल्याला त्याचा संताप आला, खरा, दात ओठ खाण्याइतका. मरणाऱ्या माणसावर रागावणारा मी कसला पाळक होणार, असं मग त्याला वाटलं, पण राग काही गेला नाही.

पलंगाच्या दुसऱ्या बाजूला चष्मेवाला उभा असायचा. काय पुटपुटतात हे त्याला ऐकू येत नव्हतं. पण बघत होता.

म्हातारा गेला. मातीच्या दिवशी नर्सने चष्मेवाल्याला सहज, सांत्वनाच्या ओघात सांगितलं, "झटक्याच्या आदल्या दिवशी खूप रडले हो तुमचे वडील, त्या शिकाऊ पाळकांपाशी. मग अगदी लेकरासारखे झोपले." झालं. बिचारीने चांगल्या मनाने सांगितलं आणि इकडे वणवा लागला.

चष्मेवाला आधी लिफ्टवाल्याच्या घरी आला. शिवणयंत्राशेजारच्या खुर्चीवर अंग चोरून बसला. "शेवटचं काय बोलले बाबा? माझ्याबद्दल काही?"

"मला सांगता येणार नाही."

"म्हणजे बोलले."

"तेही सांगता येणार नाही."

"तुम्ही पाळक नाही आहात अजून," चष्मेवाला म्हणाला. त्याने चौकशी केली होती, नियम वाचला होता. "तुम्हाला बंधन नाही. माझा बाप होता तो. तुमच्यासाठी वॉर्डातला एक म्हातारा, दुसरं काय?" मग सूचनेचा पहिला रविवार आला आणि पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

दुसऱ्या रविवारी चष्मेवाला नुसता समोरच्या बाकावर येऊन बसला. तिसऱ्या रविवारी सूचना वाचली तेव्हा लिफ्टवाल्याने त्या बाकाकडे बघितलं नाही. घरी पाहुणे यायला सुरुवात झाली होती. बायकोने त्याचा पांढरा झगा स्वतः शिवला होता आणि तो खुंटीला टांगलेला होता. येता-जाता त्याची नजर त्यावर जायची.

"लोक विचारतात मला," बायको म्हणाली. "चष्मेवाल्याचं आणि तुमच्या नवऱ्याचं काय बिनसलंय? मी काय सांगू?"

"सांग, माहीत नाही."

"ते खरंच आहे म्हणा." तिने दोरा दातांनी तोडला. "मलाही नाही सांगणार?"

"नाही."

"इतकी वर्षं मी हे यंत्र चालवलं ते हे ऐकायला?" तिचा आवाज फाटला. "तो उभा राहून काही भलतंसलतं बोलला, बिशपांनी दीक्षा थांबवली, तर? परत पाना घेऊन निघणार या वयात? सांगून मोकळे का होत नाही? त्याचं समाधान, तुमचं काम. कोणाचं काय जातं?"

हेच तर त्याला खात होतं. कोणाचं काय जात होतं? म्हातारा मातीत. चष्मेवाल्याच्या डोक्यावरचं चाळीस वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं असतं. आक्षेप मिटला असता, झगा अंगावर चढला असता. सगळ्यांचं भलं, आणि सगळ्यांत जास्त आपलं. तिथेच त्याचा पाय अडायचा. ज्यातून आपलाच फायदा होतो त्याला दया म्हणायचं का? आणि उलट, एका निरपराध माणसाला जळत ठेवून शब्द सांभाळायचा, तो तरी कोणासाठी? भिंतीकडे तोंड फिरवणाऱ्या भित्र्यासाठी? दोन्हीकडून विचार करून त्याचं डोकं भणभणायचं. एका संध्याकाळी तो चष्म्याच्या दुकानापर्यंत गेलाही. काचेतून चष्मेवाला दिसला, एका बाईच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत होता, "आता बरं दिसतं की आधी बरं होतं?" लिफ्टवाला दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला आणि हात काढून परत फिरला.

घरी येऊन त्याने बायकोला एवढंच म्हटलं, "तू उद्या मला काही सांगशील आणि म्हणशील कोणाला बोलू नका. तेव्हा तुला भरवसा नको का?"

बायकोने ताट मांडलं. "जेवायला बसा," ती म्हणाली.

दीक्षेच्या दिवशी चर्च भरलं होतं. बाकं पुरली नाहीत म्हणून भिंतीलगत माणसं उभी. मेहुणा नवा कोट घालून पुढे बसला होता. खुर्ची सर खांबाशी. दुसऱ्या बाकावर म्हातारी, आणि तिच्या शेजारी चष्मेवाला, हात गुडघ्यांवर.

बिशपांनी लिफ्टवाल्याला लोकांपुढे उभं केलं आणि प्रश्न विचारला. याला पाळक नेमू नये असं कोणाला वाटत असेल, तर त्याने आता बोलावं. मग ते थांबले.

लिफ्टवाला जमिनीकडे बघत होता. बाक करकरलं. ते कोणतं बाक हे कळायला त्याला वर बघावं लागलं नाही.

"माझा आक्षेप आहे," चष्मेवाला म्हणाला.

खोकणारे खोकायचे थांबले. शिवणयंत्रावर वाकून पोक आलेली लिफ्टवाल्याची बायको ताठ झाली. म्हातारीने मुलाचा सदरा ओढला, "बस खाली, मेल्या," हे अर्ध्या चर्चने ऐकलं. बिशप गडबडले नाहीत. त्यांनी ऑर्गनवाल्याला खूण केली, लोकांना गीत म्हणायला सांगितलं आणि दोघांना घेऊन वेदीमागच्या वेस्ट्रीत, पाळकांच्या झगे बदलायच्या खोलीत, गेले. दार लोटलं. झगे टांगायची कपाटं, हात धुवायचं भांडं, तिघांना जेमतेम पुरेल एवढी जागा. बाहेर लोक बिचकत बिचकत गाऊ लागले.

"बोला," बिशप म्हणाले.

"माझे वडील वारायच्या आधी यांच्यापाशी काही बोलले. हे मला सांगत नाहीत."

"खरं आहे?" बिशपांनी लिफ्टवाल्याला विचारलं.

"ते बोलले हे खरं आहे. कोणाला सांगणार नाही असा मी शब्द दिला. द्यायला नको होता. मला अधिकार नव्हता. ती चूक माझी."

"यांना आता सांगायला तयार आहात?"

"नाही."

"आक्षेप असा लोंबकळत ठेवून मला पुढे जाता येणार नाही, हे कळतंय ना?" बिशप हळू बोलत होते. "आज थांबवावं लागेल. कदाचित कायमचं."

"कळतंय," लिफ्टवाला म्हणाला. बायकोचा ताठ पाठीचा कणा त्याला भिंतीपलीकडून दिसत होता. "थांबवा."

चष्मेवाला पुढे आला. दुकानात भिंगं लावताना उभा राहतो तसा, अगदी समोर. "मी विचारतो. तुम्ही नुसतं ऐका. बाबा दुकानाबद्दल बोलले?"

"सांगता येणार नाही."

"आईबद्दल?"

"सांगता येणार नाही."

"आगपेटीबद्दल?"

लिफ्टवाल्याने तेच उत्तर द्यायला तोंड उघडलं. शब्द तेच होते, पण ते उशिरा आले, आणि येईपर्यंत त्याची नजर फरशीवर गेली होती.

चष्मेवाल्याने डोळे मिटले. भिंतीला टेकला. कपाटातल्या झग्यांत त्याचा खांदा रुतला.

"त्यांना आठवत होती," तो म्हणाला. "देवा. त्यांना आठवत होती."

बिशपांना काही कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. लिफ्टवाल्याला आता कळलं, याला माहीत होतं. म्हातारा म्हणाला होता पोराला तेच खरं वाटायला लागलं; पण पोरगं आगपेटी विसरलं नव्हतं.

"मी कोपऱ्यावरून पळत आलो, तेव्हा ती माझ्या मुठीत होती," चष्मेवाला सांगत होता, कोणाला कोण जाणे. "नंतर शोधली तर मिळाली नाही. बाबा म्हणतात तू हात सोडलास. आई म्हणते. सगळे म्हणतात. मला वाटायला लागलं, आगपेटी मीच रचली, स्वतःला वाचवायला. रोज झोपताना वाटायचं. मला त्यांची माफी नको होती हो. एवढंच हवं होतं, की ती आगपेटी खरी होती." आणि तो रडू लागला, पन्नाशीचा माणूस, तोंडावर हात घट्ट दाबून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

लिफ्टवाल्याला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण ते घेणंही बोलण्यासारखंच झालं असतं. तो तसाच उभा राहिला, आणि त्या उभं राहण्याचे जे हाल त्याला झाले ते कुठल्याही सेमिनरीत शिकवत नाहीत.

बाहेर गीत संपलं. ऑर्गनवाल्याने समजून उमजून पहिल्यापासून धरलं.

चष्मेवाल्याने तोंड पुसलं, चष्मा पुसला. "माझा आक्षेप नाही," तो बिशपांना म्हणाला.

"यांनी तुम्हाला काही सांगितलं?"

"नाही. शब्दसुद्धा नाही." मग तो लिफ्टवाल्याकडे वळला. "आईला कळू देऊ नका. कधीच. ती जन्मभर त्या माणसाशेजारी झोपली. आता या वयात तिला काय सांगू, कोणाशेजारी झोपलीस? आता मला कोणी खोटारडा म्हणणार नाही, निदान मी स्वतःला तरी नाही. तेवढं पुरे. हे तुमच्यापाशी ठेवा."

लिफ्टवाल्याने मान हलवली. तोंडाने काही म्हणायची या वेळी त्याला हिंमत झाली नाही.

बिशपांनी दार उघडलं. ते लोकांना म्हणाले की आक्षेप ऐकला आहे आणि तो मागे घेतला आहे. मग पुढचं सगळं रीतसर झालं. डोक्यावर हात ठेवले गेले, झगा अंगावर आला, बायको भडाभडा रडली आणि मेहुण्याने कोटाच्या बाहीने नाक पुसलं. खुर्ची सर खांबापाशी होते तिथेच उभे राहिले.

उपासना संपल्यावर नव्या पाळकाकडून पहिला आशीर्वाद घ्यायला लोक रांग लावतात. बायको पहिली, मग पोरगी, मग मेहुणा, जो नेमका आज काही विनोद न करता गेला. रांग सरकत सरकत म्हातारी पुढे आली. चष्मेवाल्याने तिला कोपराला धरलं होतं. तिने नव्या पाळकाचा हात दोन्ही हातांत घेतला.

"पाळकसाहेब, माझ्या पोराला पदरात घ्या," ती म्हणाली. "चारचौघांत तमाशा केला मेल्याने. काय करू? पहिल्यापासूनच असा आहे. लहान होता तेव्हा बहिणीचा एक हात धरून ठेव म्हटलं होतं बापाने, तेवढंही झालं नाही याच्याकडून."

तिच्या खांद्यावरून चष्मेवाला त्याच्याकडे बघत होता, न मिटणाऱ्या डोळ्यांनी.

पाळकाने म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वादाचे शब्द म्हटले. मग तिच्या मुलाने डोकं पुढे केलं, तेव्हा त्याच्यावरही तोच हात ठेवला आणि तेच शब्द म्हटले. एकही जास्तीचा शब्द बोलला नाही. मागून रांग पुढे सरकली.